दुसऱ्या बरणीचा सल्ला

शालेय पुस्तकात किण्वनाचा धडा एका समीकरणापाशी संपतो. डावीकडे ग्लुकोज, उजवीकडे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड, मध्ये बाण आणि बाणावर ‘यीस्ट’ हा शब्द. साखर संपल्यावर त्या यीस्टचे पुढे काय होते, ते मरते की तग धरते, तळाशी बसून काय करते, याविषयी पुस्तक गप्प असते. विद्यार्थीही सहसा विचारीत नाहीत.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मात्र विचारले. तो अमेरिकेत असतो आणि तिकडच्या अनेकांप्रमाणे हौसेखातर घरी बिअर बनवितो. त्याने लिहिले, “सर, आठवड्यात फसफस थांबली. पुस्तक म्हणते, बिअर आता साक्यावरून काढून दुसऱ्या बरणीत भरा. शेजारी म्हणतो, झाकणालासुद्धा हात लावू नका. खरे कोणाचे?” सोबत त्याने या विषयावरची दोन गाजलेली पुस्तके पाठविली. ती वाचताना आमच्या लक्षात आले, की हा प्रश्न एका पेयापुरता नाही. शास्त्रीय कृतीतील एखादी पायरी कशी जन्माला येते आणि तिचे कारण नाहीसे झाल्यावरही कशी टिकून राहते, याचा हा नमुना आहे. म्हणून हे परीक्षण.

एक खुलासा आधीच करतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली त्यासंबंधीच्या कायद्यावर सही केली. तरीही सर्व राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ साल उजाडले. आपल्याकडे परवान्याशिवाय असे काही करणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा पुढील मजकूर रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र म्हणून वाचावा, पाककृती म्हणून नव्हे.

कृती थोडक्यात अशी. बार्लीला मोड आणून ती वाळवितात, हे माल्ट. माल्ट गरम पाण्यात भिजविले, की त्यातील विकरे पिष्टाची साखर करतात. या गोड काढ्याला ‘वर्ट’ म्हणतात. तो हॉपच्या फुलांबरोबर उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. वीस लिटर वर्टमध्ये साधारण दीड-पावणेदोन किलो साखर आंबते आणि खोलीच्या तापमानाला चारशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (ग्लुकोजचा रेणुभार १८० धरून विद्यार्थ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे.) आठवड्याभरात जोर ओसरतो. यीस्ट, प्रथिनांच्या गुठळ्या आणि हॉपचा चोथा यांचा बोटभर जाडीचा साका तळाशी बसतो. येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे.

वाद यापुढचा. गेली कित्येक दशके हौशी मंडळींना सांगितले गेले, की आता सायफन लावून वरची नितळ बिअर एका काचेच्या कारबॉयमध्ये काढा आणि तिथे आणखी दोन-तीन आठवडे ठेवा. या पायरीचे नाव ‘दुय्यम किण्वन’.

आमचा पहिला आक्षेप या नावालाच आहे. हौशी माणसाच्या दुसऱ्या बरणीत बहुधा किण्वन होतच नाही. आंबण्याजोगी साखर पहिल्या भांड्यातच संपलेली असते. हायड्रोमीटर बुडवून विशिष्ट गुरुत्व पाहिले, तर आठव्या दिवशी आणि विसाव्या दिवशी तेच आकडे दिसतात. बरणीत जे चालते ते निवळणे आणि मुरणे. पण ‘किण्वन’ हा शब्द एकदा चिकटला, की वाचकाला वाटते, ही पायरी गाळली तर रासायनिक क्रिया अर्धवट राहील. चुकीचे नाव असे निर्णय घेऊन टाकते.

हे नाव आले ते खऱ्या दुय्यम किण्वनावरून, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जर्मन पद्धतीची लागर बिअर दहा अंश सेल्सियसच्या आसपास आंबविली जाई आणि थोडी साखर शिल्लक असतानाच थंड तळघरातल्या बंद पिंपांत हलविली जाई. तिथे यीस्ट ती उरलेली साखर सावकाश संपवी. निघणारा वायू दाबाखाली बिअरमध्येच विरघळे, आणि गंधकाचे वास त्या काळात निघून जात. इंग्लंडातील टिकाऊ एलची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणले. युरोपभर त्याचा स्वीकार झाला, पण इंग्रज बिअरवाल्यांची तक्रार होती, की शुद्ध यीस्टने केलेल्या एलला पिंपात मुरल्यानंतरची जुनी चव येत नाही. कार्ल्सबर्गच्याच निल्स येल्टे क्लाउसेन यांनी १९०४ साली खुलासा केला. पिंपातील ते दुसरे किण्वन दुसऱ्याच एका यीस्टचे काम होते. नेहमीचे यीस्ट जी शर्करा सोडून देते, ती हे सावकाश खात असे. त्यांनी त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून निघालेली पेल एलची पिंपे आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबईला आणि कलकत्त्याला उतरत. त्या पिंपांतही वाटभर असेच काही चालू असणार, असा आमचा तर्क आहे.

म्हणजे दुसरे भांडे, त्यात शिल्लक अन्न, आणि ते खाणारा जीव, अशा तीन गोष्टी जुळल्या तर ‘दुय्यम किण्वन’ हा शब्द शोभतो. हौशी बरणीत यातले फक्त भांडे आले.

आता पुस्तकांकडे वळू. चार्ली पपाझियन यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ १९८४ सालचे. लेखक अणुअभियांत्रिकी शिकलेले आणि पेशाने कोलोरॅडोतील बोल्डर येथे शाळाशिक्षक. १९७८ साली अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक. पुस्तक वाचताना त्यांच्यातला शिक्षक जागोजागी भेटतो. नवख्याची भीती घालवून त्याला कामाला लावण्याची त्यांची हातोटी आमच्या विज्ञानलेखकांनी उचलावी अशी आहे. दुसरे पुस्तक जॉन पामर यांचे ‘हाउ टु ब्रू’. ते प्रथम २००० साली वाचकांसमोर आले, आणि चौथी आवृत्ती २०१७ ची. पामर धातुशास्त्रज्ञ आहेत. ‘का’ हा प्रश्न त्यांना सुटत नाही.

दुसऱ्या बरणीच्या बाजूने जे मुख्य कारण दिले जाई, ते यीस्टच्या स्वयंविघटनाचे. अन्न संपल्यावर पेशी मरते, तिच्यातील विकरे तिलाच पचवू लागतात, पेशीभित्ती फुटते आणि आतला ऐवज बिअरमध्ये उतरतो. वास मांसाच्या रश्श्यासारखा किंवा जळक्या रबरासारखा येतो, आणि फेसही नीट टिकत नाही. हे सगळे खरे आहे. प्रश्न आहे तो किती दिवसांत आणि कोणत्या भांड्यात हा.

कारखान्यातील शंक्वाकार टाकी पंधरा मीटरपर्यंत उंच असू शकते. तळाच्या यीस्टवर द्रवाचा दीड वातावरणाइतका जादा दाब असतो. शंकूत यीस्टचा जाड, घट्ट गोळा साचतो; त्याच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि पेशी लवकर ढासळतात. म्हणून कारखानदार खालची तोटी उघडून यीस्ट वेळेवर काढून टाकतो, आणि त्याचे बरोबरच आहे. घरच्या बादलीत द्रवाची खोली तीस-पस्तीस सेंटिमीटर. जादा दाब वातावरणाच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट, म्हणजे टाकीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. साका पातळ आणि पसरट, त्यामुळे उष्णता अडकून राहण्याचा प्रश्न नाही. एका मापाच्या भांड्यातले सत्य दुसऱ्या मापाच्या भांड्यात जसेच्या तसे नेता येत नाही, हे अभियंत्याला पहिल्या वर्षी शिकवितात. इथे मात्र कारखान्याची भीती बादलीत आली.

यीस्ट तसे चिवट आहे. इंग्लंडातील बर्टन गावी १९०२ पासून बिअर कारखान्यांच्या टाकाऊ यीस्टचे ‘मार्माइट’ करतात. त्यासाठी स्वयंविघटन मुद्दाम घडवावे लागते, आणि यीस्टला मीठ व उष्णता यांचा दणका द्यावा लागतो. शॅम्पेनचे उदाहरण तर याच्या अगदी उलट. तिथे वाइन बाटलीतच मेलेल्या यीस्टवर किमान बारा महिने ठेवण्याचा नियम आहे, कारण त्या विघटनाचीच चव हवी असते. वीस अंशांवरच्या तीन आठवड्यांची धास्ती घेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. पामर यांनी तर पहिल्याच आवृत्तीत लिहून ठेवले होते, की निरोगी यीस्ट असेल तर आपली बिअर कित्येक महिने पहिल्या भांड्यात राहूनही बिघडली नाही. हा अनुभव स्वयंविघटनाच्या इशाऱ्याखालीच छापला आहे. इशारा लोकांच्या लक्षात राहिला, अनुभव राहिला नाही.

दुसरे कारण बिअर निवळते हे. पण कण खाली बसतात ते गुरुत्वामुळे, आणि गुरुत्वाला बरणी पहिली की दुसरी हे कळत नाही. उलट सायफन करताना थोडा साका ढवळतोच.

या पायरीची किंमत काय पडते, हे मात्र पुस्तकांतून पुरेशा ठळकपणे येत नाही. आमची मुख्य तक्रार इथे आहे. वीस लिटर बिअर तेवीस लिटरच्या कारबॉयमध्ये भरली, तर वर तीन लिटर हवा राहिली. तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ०.६३ लिटर. वीस अंशांना एक मोल वायू २४ लिटर धरला तर हे सुमारे ०.८४ ग्रॅम भरते; लिटरमागे ४२ मिलिग्रॅम. कारखाने बाटलीबंद बिअरमध्ये लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून कमी ऑक्सिजन राहावा म्हणून धडपडत असतात. सगळा ऑक्सिजन बिअरमध्ये उतरत नाही हे कबूल. थोडी हवा बिअरमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड ढकलून देतो, थोडा ऑक्सिजन तरंगणारे यीस्ट घेते. तरी प्रमाणाचा अंदाज यावा. ऑक्सिजनने शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि हॉपचा सुगंध जातो. आपल्या आजीला हे माहीत होते. ती लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर ठेवी.

यावर ठरलेले उत्तर असे, की कार्बन डायऑक्साइड हवेहून जड आहे, तो बिअरवर पांघरुणासारखा बसेल. वर्गात मेणबत्तीवर हा वायू ओतून ती विझविण्याचा प्रयोग आपण सर्वच करतो, आणि या गैरसमजाला थोडा हातभार लावतो. तो प्रयोग काही सेकंदांचा आहे. बरणी दिवसेंदिवस ठेवायची आहे, आणि तेवढ्या वेळात विसरणाने वायू एकमेकांत मिसळून जातात. पहिल्या भांड्यात गोष्ट वेगळी. तिथली हवा त्या चारशे लिटर वायूने आधीच हुसकावलेली असते. ते झाकण उघडणे म्हणजे फुकट मिळालेले संरक्षण टाकून देणे.

आणखी एक तोटा यीस्टपासून घाईने फारकत घेण्याचा. वाढताना यीस्ट अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकते. त्याचे आपोआप, सावकाश, डायॲसिटिल होते. लोण्याला जो वास असतो तो याचाच. लोण्यात हवाहवासा, बिअरमध्ये दोष. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास तो जाणवू लागतो. पण साखर संपल्यावर तेच यीस्ट डायॲसिटिल परत आत घेते आणि जवळपास वासहीन अशा पदार्थात त्याचे रूपांतर करते. हिरव्या सफरचंदाच्या वासाच्या ॲसिटाल्डिहाइडचेही तसेच. पाहुणे जेवून उठले, आता घरची माणसे भांडी घासणार, अशा वेळी आपण घरच्या माणसांनाच बाहेर काढतो. फसफस थांबणे ही काम संपल्याची खूण नव्हे, हे पाठ्यपुस्तकातील बाणावरून कळत नाही.

आणि कारबॉय. वीस किलोहून जड, ओला, गुळगुळीत काचेचा ऐवज हातातून निसटला तर काय होते, याचा अनुभव प्रयोगशाळेत काम केलेल्यांना वेगळा सांगायला नको. कारबॉय फुटून हाताचे स्नायुबंध कापले गेल्याच्या घटना हौशी मंडळींत घडलेल्या आहेत. ज्या पायरीची गरज नाही, तिच्यासाठी ही जोखीम घेणे आम्हांला पटत नाही.

मग पपाझियन चुकले का? आम्हांला तसे वाटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौशी माणसाला माल्टच्या डब्याबरोबर कोरड्या यीस्टची छोटीशी पुडी मिळे. तिचे वय आणि आतल्या जिवंत पेशींचे प्रमाण यांची खात्री नसे. पहिले भांडे पुष्कळदा सैल झाकणाची प्लॅस्टिकची बादली. अशा बादलीत बिअर महिनाभर ठेवण्यापेक्षा बूच लावलेला काचेचा कारबॉय बरा, हा हिशेब त्या वेळी योग्य होता. पुढे यीस्ट सुधारले, झाकणे घट्ट झाली, पण सल्ला तसाच उतरत राहिला. पामर यांचा कल पुढे बदलला आणि साध्या एलसाठी ही पायरी अनावश्यक असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, याचा आम्हांला आदर वाटतो. लेखकाने आपले मत मागे घेणे छापील पुस्तकांत दुर्मीळच. तरीही तक्रार उरते. पायरीशेजारी ‘बादलीचे झाकण सैल असेल तर’ एवढी अट सुरुवातीपासून छापली असती, तर झाकण घट्ट झाल्याच्या दिवशी वाचकाने ती पायरी आपणहून सोडली असती.

हे लिहिताना आम्ही स्वतःकडेही पाहिले. आमच्या प्रयोगशाळेत मापनापूर्वी यीस्टच्या पेशी तीन वेळा धुवायच्या असा दंडक होता. एका विद्यार्थिनीने विचारले, तीनदाच का? शोध घेता कळले, की पूर्वी वापरल्या जाणाऱ्या वाढमाध्यमातील रंग मापनात अडथळा आणी. ते माध्यम बंद होऊन बारा वर्षे झाली होती. धुणे चालू होते, आणि प्रत्येक धुण्यात थोड्या पेशी वाया जात होत्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘कृती’ असते, ‘काळजी’ असते, पण ‘कारण’ असा रकाना आम्ही तरी पाहिलेला नाही.

शेजारी आणि पुस्तक यांच्यातला वाद मतांनी मिटणार नाही; तो चाखूनच मिटवावा लागेल. त्याची रीतही बिअरवाल्यांनीच घालून दिली आहे. कार्ल्सबर्गमध्ये १९४० च्या दशकात ‘त्रिकोणी चाचणी’ वापरात आली. एकाच वर्टचे दोन भाग करायचे. एक भाग तसाच ठेवायचा, दुसरा बरणीत काढायचा. चाखणाऱ्याला तीन पेले द्यायचे, दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. वेगळा कोणता एवढेच त्याने सांगायचे. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येणारच. बारा जणांपैकी चौघे बरोबर आले तर ते काहीच नव्हे. सात जण बरोबर येण्याचीही योगायोगाने शक्यता शेकडा सहाच्या वर असते. आठ किंवा अधिक जण बरोबर आले, तर ती शेकडा दोनच्या खाली जाते. अकरावी-बारावीच्या वर्गाने द्विपद विस्ताराने हे आकडे काढावेत, आणि चाचणी लिंबाच्या सरबतावर करावी. साखर आधी विरघळविलेले आणि मागाहून घातलेले, असा भेद घेतला तरी चालेल. एक सावधगिरी मात्र हवी. आठ जण बरोबर आले नाहीत, म्हणजे फरक नाही असे सिद्ध होत नाही. एवढ्या जणांना तो पकडता आला नाही इतकेच. उत्साही प्रयोगकर्ते हे हटकून विसरतात.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही लिहिले ते असे. शेजाऱ्याचे ऐक. साधी एल असेल तर तीन आठवडे त्याच भांड्यात, झाकण न उघडता राहू दे. नंतर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा विशिष्ट गुरुत्व पाहा; आकडा हलला नाही तरच बाटल्या भर. हे टाळू नकोस. गुरुत्व ०.००१ ने जरी आणखी उतरायचे राहिले असेल, तरी बिअरच्या निम्म्या घनफळाइतका जादा वायू बाटलीत तयार होतो, आणि असे चार-पाच अंक राहिले तर बाटली फुटते. दुसऱ्या बरणीत बिअर गेली म्हणजे किण्वन संपले, या समजुतीने फुटलेल्या बाटल्या थोड्या नसतील.

त्याने पुढच्या खेपेस चेरी घालायचे ठरविले आहे. तिथे मात्र पुस्तक बरोबर आहे. फळाबरोबर नवी साखर येते, किण्वन पुन्हा सुरू होते आणि निघणारा वायू वरची हवा हाकलून देतो. ब्रेटॅनोमायसीस घालून वर्षभर मुरवायची असली तरी जुन्या साक्यावर ठेवू नये. अशा वेळी दुसरे भांडे जरूर घ्यावे. ते काचेचेच हवे असे नाही, पण फळाचा फेस मावेल एवढीच जागा सोडून गळ्याजवळपर्यंत भरावे. ‘बाकी तुझ्या बारा मित्रांना त्रिकोणी चाचणीला बसव, आणि पेले कोणी भरले हे त्यांना कळू देऊ नकोस,’ असे ताजा कलम टाकून आम्ही पत्र धाडले आहे.